साथीचे आदेश लिहिणाऱ्यांना एका भोंगेवाल्याचं पत्र

प्रति,
मंत्रालयात, जिल्हाधिकारी कार्यालयांत आणि महापालिका-नगरपालिकांत बसून साथीच्या काळात आदेश, परिपत्रकं, प्रेसनोटा आणि जाहिराती लिहिणारे सर्व साहेब आणि मॅडम यांस,

विषय : पुढच्या साथीच्या वेळी सूचना कानाला कळेल अशी लिहिण्याबाबत.

स. न. वि. वि.

सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, कर्नाटकाची हद्द जवळ असलेल्या एका तालुक्याच्या गावात माझं रेकॉर्डिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, भिंतीला ठोकलेले अंड्यांचे ट्रे, एक माईक, एक जुना कॉम्प्युटर आणि बाहेर उभी असलेली भोंग्याची रिक्षा. निवडणूक, साड्यांचा सेल, हरवलेलं पोर, कुणाचं निधन, उद्या नळाला पाणी येणार नाही, सगळं माझ्याच आवाजात गावभर फिरतं. मार्च २०२० मध्ये कोरोना आला तेव्हापासून पुढची दोन वर्षं तुम्ही जे लिहिलंत त्यातलं बरंचसं आमच्या गावच्या दारादारात माझ्या तोंडातून गेलं. लोकांनी शिव्या घातल्या त्याही मलाच. तेवढ्या हक्कानं हे पत्र लिहितोय.

आधी माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. चालत्या रिक्षाचा आवाज एका दारासमोर दहा-बारा सेकंद असतो. आत बाई भाकरी थापत असते, टीव्ही चालू असतो, पोरगं रडत असतं. तिच्या कानावर एक वाक्य पडतं, फार तर दीड. वाक्य अर्धं पडलं तर उरलेलं ती शेजारणीला विचारते. शेजारणीनंही अर्धंच ऐकलेलं असतं, पण तिला तसं म्हणायची लाज वाटते, मग ती आपल्या मनाचं जोडून देते. दुपारपर्यंत ते जोडलेलं वाक्य गावभर होतं. तुम्ही प्रेसनोटेत ‘अफवांवर विश्वास ठेवू नये’ असं लिहिता ना, ती अफवा बहुतेक वेळा अशी तुमच्याच वाक्याच्या उरलेल्या अर्ध्यातून जन्माला आलेली असते.

आता ४ एप्रिल २०२१ चा रविवार आठवा. दुसरी लाट चढत होती. मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि रात्रीपर्यंत टीव्हीवर एकच पट्टी फिरत राहिली : शुक्रवारी रात्री आठ ते सोमवारी सकाळी सात, कडक लॉकडाऊन. गावानं सरळ हिशेब केला, पाच दिवस धंदा आणि दोन दिवस बंद. सोमवारी दुपारी ‘ब्रेक द चेन’च्या आदेशाची पीडीएफ माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आली, खाली मेसेज, ‘आठच्या आत फिरवा’. मी रोज पेपर वाचणारा, बारावी पास माणूस. तरी पंखा बंद करून (रेकॉर्डिंगला पंखा चालत नाही) ती पीडीएफ वाचताना घाम फुटला तो उकाड्याचा नव्हता. कारण आत लिहिलं होतं की अत्यावश्यक सोडून बाकीची दुकानं रोजच बंद, आठवड्याचे सातही दिवस, ३० एप्रिलपर्यंत. म्हणजे टीव्हीनं मोठ्यानं सांगितलं ते खरं होतं, पण ते शेपूट होतं. हत्ती पीडीएफमध्ये बसला होता.

मंगळवारी सकाळी कापडवाले, भांडीवाले, मोबाइलवाले नेहमीसारखे शटर वर करून बसले. पोलिसांनी येऊन ती खाली ओढली. एक कापडवाला, माझा वीस वर्षांचा गिऱ्हाईक, दुकानात येऊन म्हणाला, “अरे, तुझ्याच भोंग्यावर काल ऐकलं की मी, शनिवार-रविवार म्हणून!” त्यानं खोटं सांगितलं नाही. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही गोष्टी होत्या, पण शनिवार-रविवारचं वाक्य सोपं होतं आणि दुसरं वाक्य ‘वगळता’नं सुरू झालं होतं.

या ‘वगळता’बद्दल मला तुमच्याशी जरा भांडायचंय. ‘अत्यावश्यक सेवा वगळता इतर सर्व आस्थापना बंद राहतील.’ कागदावर हे वाक्य बिनचूक आहे. भोंग्यावर त्याचं काय होतं बघा. ‘अत्यावश्यक सेवा’ म्हणताना रिक्षा वळणावर असते. ‘वगळता’ हॉर्नमध्ये जातं. दारातल्या माणसाला ऐकू येतं ‘सर्व बंद राहतील’, आणि तो पिशवी घेऊन किराण्याच्या दुकानाकडे पळतो. २४ मार्च २०२० च्या रात्रीही हेच झालं. पंतप्रधानांचं भाषण आठला सुरू झालं, मध्यरात्रीपासून २१ दिवस देश बंद. किराणा, दूध, औषधं चालू राहणार हे सरकारनं त्याच रात्री कळवलं, पण कळेपर्यंत लोक दुकानांसमोर एकमेकांच्या अंगावर उभे होते. अंतर ठेवा म्हणून सांगायच्या रात्री आपण गर्दी करवली. चालू काय राहणार हे आधी सांगून मग बंद काय ते सांगितलं असतं, तर ती गर्दी निम्मी तरी झाली असती असं माझं मत आहे. एप्रिल २०२१ च्या त्या शटर ओढलेल्या मंगळवारी मी ‘वगळता’ हा शब्द माझ्या दुकानात बंद केला. दुपारपासून रिक्षा फिरली ती अशी : “किराणा, दूध, भाजी, औषधं, दवाखाना चालू. बाकी सगळी दुकानं बंद. रोज बंद. नुसतं शनिवार-रविवार नाही, रोज.” नगरपालिकेतल्या ओळखीच्या कारकुनानं फोन केला की ‘आस्थापना’ शब्द राहिला. म्हटलं, राहू दे.

शब्दांचं म्हणाल तर तुमच्या एकेका शब्दानं मला रडवलंय. टाळेबंदी घ्या. सोलापूर जिल्हा हा गिरण्यांचा जिल्हा. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना टाळेबंदी म्हणजे मालकानं गिरणीला ठोकलेलं कुलूप, ते आठवलं की त्यांच्या पोटात गोळा येतो. मग जमावबंदी आणि संचारबंदी. यातली कोणती लागू असताना एकट्यानं घराबाहेर पडता येतं, हे माझ्या गल्लीतल्या दहा माणसांना विचारा. त्या एप्रिलच्या सुरुवातीला दिवसा जमावबंदी आणि रात्री संचारबंदी होती. लोकांनी मधला अर्थ काढला, की दिवसा पोलीस मारत नाहीत.

आणि विलगीकरण. बाई गं! क्वारंटाइनला कुणी विलगीकरण म्हणायचं, कुणी अलगीकरण. आयसोलेशनलाही विलगीकरणच. पुढे गृह विलगीकरण, संस्थात्मक विलगीकरण. हा शब्द मी भोंग्यावर पहिल्यांदा म्हटला तेव्हा माझीच जीभ अडखळली. म्हणून शहाणपणा करून मी सोपं केलं : ‘बाहेरगावाहून आलेल्यांनी चौदा दिवस घरच्यांपासून वेगळं राहावं.’ दुसऱ्या दिवशी मुंबईहून पोरगा परतलेला एक म्हातारा काठी टेकत दुकानाशी आला. लांबूनच म्हणाला, “का रं, पोरगं आत्ता कुठं घरी आलंय आन् तू त्येला वेगळं राहा म्हनतोस? वाटण्या करायच्या का आता आमी?” मला आधी कळेना. मग लक्षात आलं. आपल्याकडे ‘वेगळं राहणं’ म्हणजे चूल वेगळी मांडणं. भाऊ वेगळे राहतात, सून वेगळं राहायचं म्हणते. मी त्या घराला फाळणीचा आदेश दिला होता!

मग तिसऱ्यांदा लिहिलं : “मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसानं चौदा दिवस घराबाहेर पाऊल टाकू नये. त्याचं ताट-तांब्या, अंथरूण बाजूला. त्याच्या खोलीत म्हाताऱ्यांनी जाऊ नये.” हे सगळ्यांना कळलं. कळल्यावर लगेच दुसरा प्रश्न आला, जो तुमच्या कुठल्याच पीडीएफमध्ये नव्हता : खोली एकच असेल तर? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारकुनाकडे नव्हतं. धारावीत मुंबई महापालिकेनं हा प्रश्न आधीच मान्य केला. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं राहतात, तिथं घरात वेगळं ठेवणं शक्य नाही, म्हणून माणसांना शाळांमध्ये, सभागृहांत नेलं, आणि दारोदार जाऊन, ताप तपासायची शिबिरं लावून ते त्यांना समजावलं. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं ते उगीच नाही. शब्द सोपा केला की त्यातली अडचण उघडी पडते. अवघड शब्द असला की ती झाकलेली राहते, आणि कधी कधी मला वाटतं, अवघड शब्द त्याचसाठी ठेवतात. रागावू नका, वाटतं ते सांगितलं.

‘सामाजिक अंतर’ तर या महाराष्ट्रात कुणी कसं लिहिलं, हेच मला समजत नाही. माझे वडील गावचे कोतवाल होते. चावडीच्या कोणत्या पायरीपर्यंत यायचं हे ज्यांना कुणीतरी बोट दाखवून सांगितलेलं असतं, त्या माणसांपैकी ते एक. सामाजिक अंतर म्हणजे काय ते आम्हाला शिकवायची गरज नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ म्हणायला सुरुवात केली होती, तरी आमच्याकडे ‘सामाजिक अंतर पाळा’ हीच पाटी पुढे कितीतरी महिने भिंतीवर होती. मी माझ्या भोंग्यावर कायम ‘दोन हात लांब उभं राहा’ असंच म्हणत आलो.

वडिलांचा विषय निघालाच आहे तर दवंडीचं सांगतो. हलगी वाजवून ते चार चौकांत थांबायचे. ‘ऐका हो ऐकाऽऽ’ म्हणायचे ते लोकांना कामातून मान वर करायला वेळ मिळावा म्हणून. मग एकच गोष्ट सांगायची. वार, वेळ, जागा. उद्या बुधवारी, दिवस उगवायला, चावडीत, देवी टोचायला डॉक्टर येणार. बायका दारात येऊन विचारायच्या, पोरगं तापलेलं असलं तर आणायचं का? वडील थांबून उत्तर द्यायचे. माहीत नसलं तर म्हणायचे, डॉक्टरला विचारून सांजच्याला सांगतो, आणि संध्याकाळी खरोखर जाऊन सांगायचे. माझ्या लहानपणी शाळेच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेलं होतं : देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा. देशातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ ला सापडला. भिंतीवरची ओळ पुढे कितीतरी वर्षं पुसट होत राहिली, आणि माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, आजही पाठ आहे. काय शोधायचं, काय करायचं, त्याचं काय मिळणार, सगळं सहा शब्दांत. ज्यानं कुणी ती लिहिली त्याला माझ्या दुकानात जन्मभर फुकट रेकॉर्डिंग.

तुम्ही म्हणाल, देवी जुना रोग, त्याचं सगळं माहीत होतं. कोरोनाचं रोज नवीन कळत होतं, सूचना बदलणारच. अगदी कबूल. बदलण्याबद्दल तक्रारच नाही. बदललं हे तुम्ही सांगत नाही, ही तक्रार आहे.

मार्च २०२० मध्ये मी सांगत फिरलो की निरोगी माणसाला मास्कची गरज नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरचा कापडी मास्क बांधायचा सल्ला आला, ८ एप्रिलला मुंबईत मास्क सक्तीचा झाला आणि मग आमच्याकडे दंड. तोच आवाज, तीच रिक्षा. पोरं मागं लागायची, “काका, काल नको म्हणत होता की!” आधीची सूचना चुकली होती, आता ज्यांना लक्षणं नाहीत त्यांच्यामुळेही रोग पसरतो असं दिसलंय, म्हणून बदल करतोय, असं एक वाक्य तुम्ही लिहून दिलं असतं तर मी ते दिवसाला शंभरदा म्हटलं असतं. लोक काही वेडे नाहीत. शेतकरी माणूस हवामानाचा अंदाज रोज बदलताना बघतो, त्याला बदलाचं वावडं नाही. पण कालचं गिळून आज नवीन बोलणाऱ्याकडे तो ज्या नजरेनं बघतो, ती नजर मी दोन वर्षं झेलली.

हवेचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेनं २८ मार्च २०२० ला ठासून सांगितलं होतं की हा रोग हवेतून पसरत नाही. पुढे शास्त्रज्ञांनी लावून धरलं आणि ते मत हळूहळू, जवळजवळ गुपचूप बदललं. आमच्याकडे मात्र हात धुवा, पिशव्या धुवा, रस्त्यावर हायपोक्लोराइट फवारा, हेच चालू राहिलं. माणसांवर फवारणारे बोगदेसुद्धा उभे केले. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाला १८ एप्रिल २०२० ला सांगावं लागलं की माणसांवर फवारू नका. हे पत्र लिहायच्या आधी मी त्या काळातला पेन ड्राइव्ह काढून बघितला. दीडशेच्या आसपास फायली आहेत. हात धुण्याच्या किती ते मोजायचा कंटाळा आला. ‘खिडक्या-दारं उघडी ठेवा’ असं सांगणारी एकही नाही. एकही नाही, साहेब. लोक हात धुऊन, दारं लावून, एका खोलीत वीस जण तेराव्याला बसत होते.

आता घरचं. माझ्या आईला ३ एप्रिल २०२१ ला कोविशील्डचा पहिला डोस मिळाला. सहा ते आठ आठवड्यांनी दुसरा, असं सांगितलं होतं. आईनं कॅलेंडरवर १५ मेला कुंकवाचं बोट लावून ठेवलं. १५ मेला सकाळी साडेसहाला आम्ही रांगेत. ऊन चढलं, आईला मी एका बंद टपरीच्या सावलीत बसवलं. दहा वाजता आतून एक जण आला आणि म्हणाला, ८४ दिवस झाल्याशिवाय मिळणार नाही. गेटवर कागद होता, त्यावर एवढंच : ‘आज लस उपलब्ध नाही.’ अंतर बारा ते सोळा आठवडे करायचा निर्णय दिल्लीत १३ मेला झाला होता, म्हणजे दोनच दिवस आधी. तो पेपरात होता, पण पहाटे घर सोडलेल्या म्हाताऱ्या माणसांना पेपर कोण वाचून दाखवणार? आई चौथी शिकलेली. रिक्षात बसताना म्हणाली, “लस संपलीय रे, म्हणून तारीख वाढवली. उगं आपलं कायतरी सांगत्यात.” तिला खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं. त्याच आठवड्यात राज्यानं तरुणांचं लसीकरण तुटवड्यापायी थांबवलं होतं, मग तिनं दुसरं काय समजायचं?

इंग्लंडच्या अनुभवावरून अंतर वाढवल्याचं मी नंतर वाचलं. म्हणजे गेटवरच्या कागदाला मजकूर होता! ‘दुसरा डोस उशिरा घेतला तर चांगला लागू पडतो असं इंग्लंडमध्ये दिसलं, म्हणून तारीख पुढे नेली. पहिला डोस वाया जात नाही. लसही सध्या कमी येतेय, हेही खरं आहे. २६ जूननंतर या.’ शेवटून दुसरं वाक्य लिहायला तुमचा हात धजावत नाही हे मला माहीत आहे. पण ते वाक्य असतं तर आईनं बाकीच्यांवर विश्वास ठेवला असता. तिला लस कमी आहे हे दिसतच होतं. दिसणारी गोष्ट जो कबूल करत नाही, त्याची न दिसणारी गोष्ट कोण मानेल?

आकड्यांचंही असंच. १६ जून २०२० ला राज्याच्या मृत्यूंच्या आकड्यात जुने राहून गेलेले १,३२८ एकदम मिळवले. हिशेब दुरुस्त केला हे चांगलंच केलं. पण गावात ते ‘एका दिवसात तेराशे गेले’ असं पोहोचलं, आणि दुसऱ्या बाजूला ‘बघा, लपवतात’ असं. दोन्ही टोकं एकाच बातमीतून.

३ जून २०२१ चं तर सांगायलाच नको. त्या गुरुवारी दुपारी एका मंत्र्यांनी माईकसमोर पाच टप्पे सांगितले, अठरा जिल्हे पूर्ण खुले म्हणाले. कोणते अठरा ते ऐकायला कुणी थांबलंच नाही. एक सलूनवाला तासाभरात पैसे घेऊन माझ्याकडे हजर, ‘उद्यापासून दुकान सुरू’ रेकॉर्ड कर. केलं. चहा पिऊन होतो न होतो तोवर सरकारचाच खुलासा, प्रस्ताव विचाराधीन आहे, निर्णय झालेला नाही. आदेश दुसऱ्या दिवशी रात्री निघाला, सोमवार ७ जूनपासून लागू. त्यात पॉझिटिव्हिटीचा दर (तपासलेल्या शंभरांत किती जणांना कोरोना निघाला तो आकडा) आणि ऑक्सिजन बेड किती टक्के भरलेत यावरून स्तर ठरणार होते. सलूनवाल्यानं मला विचारलं, “आपली पॉझिटिव्हिटी किती?” मी म्हटलं, बाबा, तुझी तर निगेटिव्ह आली होती ना? मी विनोद केला होता. तो गंभीरपणे हो म्हणाला.

माझी स्वतःची एक चूक लिहिल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. २०२० च्या उन्हाळ्यात गावात पहिला पेशंट सापडला त्या संध्याकाळी मी भोंग्यावर गल्लीचं नाव घेऊन सांगितलं की अमुक गल्लीत रुग्ण सापडला आहे, तिकडे जाऊ नये. मला तसा कागद आला होता, पण तोंड माझं होतं. चार दिवस त्या गल्लीत दूधवाला गेला नाही. पाचव्या दिवशी एका बाईनं पत्र्याच्या आडून मला हाक मारून सांगितलं की तिच्या तान्ह्या पोराला ती साखरपाणी पाजतेय. तिच्या घरात कुणालाही काही झालेलं नव्हतं. त्यानंतर गल्ल्यागल्ल्यांतली माणसं ताप लपवायला लागली, तपासणीला आशाताई आली की मागच्या दारानं शेतात. पुढे डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असल्याशिवाय रुग्णांच्या घरांवर पोस्टर लावू नयेत. मला ते कळायला कोर्ट लागलं नाही, ती बाई पुरली. तेव्हापासून माझ्या रिक्षातून गल्लीचं नाव गेलं नाही. कागदात असलं तरी मी ते गाळलं. नियम मोडला म्हणून कारवाई करायची असेल तर करा.

चांगलं काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे फेसबुकवरून बोलायचे तेव्हा त्यांच्या पक्षाला कधी मत न दिलेली माणसंही फोन भिंतीला टेकवून बसायची. घरात बसून बोलल्यासारखं बोलायचे, दम द्यायचे नाहीत. अडचण एवढीच की भाषण आठला आणि त्याचा कागद कधी रात्री, कधी दुसऱ्या दिवशी, आणि कागदाची भाषा वेगळ्याच माणसाची. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ हे नाव लोकांच्या तोंडी बसलं, त्या मोहिमेत आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दारात आल्या तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं की दम लागण्याआधीही ऑक्सिजन उतरलेला असू शकतो. बोटाला चिमटा लावून आकडा दाखवला, संपलं. त्याला भोंगा लागला नाही.

आमच्या भागात निम्म्या घरांत कन्नड बोलतात, सोलापुरात विडी कामगार बायकांच्या वस्त्यांत तेलुगू. कन्नड रेकॉर्डिंग द्या असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. माझ्या शेजारचा गॅरेजवाला माईकसमोर बसला आणि पहिलंच वाक्य म्हणाला, ‘बायी-मूगु मुच्चकोळ्री’, तोंड-नाक झाका. मराठी पोरं ‘बाई मुगू’ म्हणून खिदळली आणि दिवसभर तेच ओरडत फिरली. माझ्या दीडशे फायलींत सगळ्यात जास्त पाठ झालेली तीच. मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे पावरी बोलणाऱ्यांना तुमची ‘प्रमाण मराठी’ माझ्या म्हाताऱ्याच्या विलगीकरणाइतकीच परकी असणार. लसीच्या नोंदणीची साइट तर जून २०२१ पर्यंत आम्हालाही इंग्रजीतच होती. शेकडो म्हाताऱ्यांची नावं मी माझ्या कॉम्प्युटरवर भरली, आणि त्यातला प्रत्येक जण ओटीपी सांगताना बिचकला, कारण बँकवाल्यांनी बजावलं होतं, ओटीपी कुणाला सांगू नका.

हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर जानेवारी २०२५ आठवा. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे (हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले, आणि पाणी उकळून प्या हे साधं वाक्य लोकांपर्यंत जाईतो चिकनची धास्ती पसरली; उपमुख्यमंत्र्यांना सांगावं लागलं, नीट शिजवून खा. हीच चिकनची अफवा २०२० च्या फेब्रुवारीत, राज्यात पहिला रुग्ण सापडायच्याही आधी आली होती आणि पोल्ट्रीवाल्यांनी कोंबड्या कवडीमोल विकल्या होत्या. पाच वर्षांत तिचं उत्तर कुणी तयार करून ठेवलं नव्हतं. २०२५ च्या त्याच जानेवारीत शेगावकडे लोकांचे केस गळायला लागले, तर विषाणूचा पत्ता नसताना ‘टक्कल व्हायरस’ असं नाव पडलं. सरकारनं साधं नाव लवकर दिलं नाही की ते चॅनेलवाले देतात, आणि मग पुसलं जात नाही.

माझं मागणं लहान आहे. कायद्याचा आदेश तुमच्या भाषेतच लिहा. तो कोर्टात टिकायला हवा, १८९७ चा साथरोगांचा कायदा त्यात आला पाहिजे, हे सगळं मान्य. फक्त त्याच टेबलावर, त्याच माणसांनी, सही व्हायच्या आधी त्याची बोलायची प्रत लिहावी. चाळीस सेकंदांची. चालू काय, बंद काय, कधीपासून, काल सांगितलं त्यात बदल काय आणि का, अजून आम्हाला काय माहीत नाही. ती एकानं मोठ्यानं वाचावी आणि खात्यातल्या शिपायानं, सफाईवाल्या मावशींनी ऐकून परत सांगावी. त्यांनी चुकीची सांगितली तर चूक मावशींची धरू नये. मगच मंत्र्यांनी माईकसमोर जावं. ही प्रत आज माझ्यासारखे लिहितात, घाईत, एकट्यानं, पंखा बंद करून. मला ‘वेगळं राहा’ लिहिताना जी चूक झाली ती कुठल्या तरी दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्या भोंगेवाल्याला दुसऱ्या शब्दावर झाली असेल, आणि तुमच्यापर्यंत त्यातली एकही आली नसेल.

आणि प्रतीच्या खाली एक फोन नंबर द्या, जो उचलला जातो. खोली एकच असेल तर काय, हे मला तेव्हा विचारायचं होतं. मी रात्री अकरापर्यंत दुकानात असतो. सूचना उशिरा आली तरी चालेल, त्याच रात्री रेकॉर्ड करून पहाटे पाण्याच्या वेळेला रिक्षा बाहेर काढतो. त्या वेळी बायका नळावर असतात, सगळं ऐकतात आणि नाही कळलं तर थांबवून विचारतात.

आपला,
एक भोंगेवाला